चॉकलेट न दाखवता चॉकलेटचा ब्रँड कसा विकायचा? ब्रिटनच्या नव्या नियमांनी नेमकं काय बदललं?

ब्रिटनमध्ये 5 जानेवारी 2026 पासून पहाटे साडेपाच ते रात्री नऊ या वेळेत टीव्हीवर चॉकलेट, टॉफी, जेलीच्या गोळ्या यांची जाहिरात दाखवता येत नाही. इंटरनेटवर तर पैसे मोजून केलेली अशी जाहिरात चोवीस तास बंद आहे. केक, आइस्क्रीम, पिझ्झा, गोड शीतपेयं यांनाही हाच नियम लागू आहे. पण शीतपेयवाल्याला यातून सुटायचा एक रस्ता आहे. साखर कमी करायची, गोडीसाठी दुसरं काहीतरी घालायचं आणि जाहिरात चालू ठेवायची. चॉकलेटवाल्याला हा रस्ता जवळजवळ बंद आहे, कारण साखर आणि फॅट काढून टाकलं तर चॉकलेटच उरत नाही.

तरीही कॅडबरी हे नाव ब्रिटनच्या टीव्हीवरून गायब झालेलं नाही आणि ते होणारही नाही. काही अटी पाळून कंपनीचं नाव, बोधचिन्ह आणि ओळखीचा जांभळा रंग दाखवायला कायद्याची परवानगी आहे. दिसता कामा नये ती फक्त वडी. मग या नियमांनी नुकसान कोणाचं झालं आणि फायदा कोणाचा?

नियम आले कुठून?

ब्रिटनमध्ये जाहिरातीवरचे निर्बंध नवे नाहीत. मुलांच्या टीव्ही कार्यक्रमांच्या आधी, मध्ये आणि नंतर अशा पदार्थांच्या जाहिराती दाखवायला 2007 पासून टप्प्याटप्प्यानं बंदी आली. जुलै 2017 मध्ये छापील, ऑनलाइन आणि सिनेमाच्या जाहिरातींनाही नियम लागू झाला. ज्या माध्यमाच्या प्रेक्षकांत 16 वर्षांखालच्या मुलांचं प्रमाण 25 टक्क्यांहून जास्त आहे, तिथे ही जाहिरात नको, असा तो नियम होता. यातली अडचण कोणत्याही पालकाच्या लक्षात येईल. मुलं फक्त मुलांचे कार्यक्रम बघत नाहीत. संध्याकाळी घरातले सगळे मिळून गाण्याची स्पर्धा किंवा फुटबॉलची मॅच बघतात, तिथे मुलांची टक्केवारी कमी असते पण संख्या खूप मोठी असते.

इंग्लंडमध्ये शाळा सुरू करणाऱ्या दर दहा मुलांपैकी साधारण एक मूल लठ्ठ असतं. तीच मुलं दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत हे प्रमाण पाचात एकाच्याही पुढे जातं आणि गरीब वस्त्यांमध्ये ते श्रीमंत वस्त्यांच्या दुपटीहून अधिक आहे. जुलै 2020 मध्ये, स्वतः कोविडमधून बरे झाल्यावर, तत्कालीन पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी लठ्ठपणाविरोधी धोरण जाहीर केलं. त्यातून तीन वेगवेगळे नियम निघाले. दुकानात माल कुठे मांडायचा याचा पहिला, 'एकावर एक मोफत' अशा योजनांचा दुसरा आणि जाहिरातींचा तिसरा.

पहिला नियम इंग्लंडमध्ये 1 ऑक्टोबर 2022 ला लागू झाला. दुसरा महागाईचं कारण देऊन दोनदा पुढे ढकलला गेला आणि अखेर 1 ऑक्टोबर 2025 ला आला. जाहिरातींचा नियम 2022 च्या आरोग्य कायद्यात मंजूर झाला होता, पण जानेवारी 2023, मग जानेवारी 2024, मग ऑक्टोबर 2025 अशा तारखा पडत पडत तो जानेवारी 2026 वर आला. मधल्या काळात तीनदा पंतप्रधान बदलले. शेवटची मुदतवाढ मिळाली ती ब्रँडच्या जाहिरातीचं काय करायचं या एकाच प्रश्नावर. त्याकडे पुढे वळू. मात्र 1 ऑक्टोबर 2025 पासून आपण स्वतःहून नियम पाळू, असं मोठ्या कंपन्यांनी आणि वाहिन्यांनी मान्य केलं, त्यामुळे 2025 च्या नाताळच्या जाहिराती याच चौकटीत बनल्या.

पहिले दोन नियम इंग्लंडपुरते आहेत. वेल्सनं 2025 मध्ये तशाच स्वरूपाचे नियम मंजूर केले. जाहिरातींचा नियम मात्र पूर्ण ब्रिटनला लागू आहे.

कोणता पदार्थ 'कमी आरोग्यदायी', हे कसं ठरतं?

सरकारी भाषेत या पदार्थांना फॅट, साखर आणि मीठ जास्त असलेले पदार्थ म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचं एचएफएसएस झालं आहे. पण 'जास्त' म्हणजे किती, हे कोणाच्या मतावर सोडलेलं नाही. त्यासाठी 2004-05 मध्ये ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेनं गुण देण्याची एक पद्धत तयार केली आणि आजही तीच वापरली जाते.

पद्धत सोपी आहे. पदार्थाचे 100 ग्रॅम घ्यायचे. ऊर्जा, संपृक्त फॅट म्हणजे सॅच्युरेटेड फॅट, साखर आणि सोडियम या चारांसाठी प्रत्येकी 0 ते 10 वाईट गुण द्यायचे. त्यातून फळं-भाज्या-दाणे, तंतू आणि प्रथिनं यांचे प्रत्येकी 0 ते 5 चांगले गुण वजा करायचे. उरलेली बेरीज 4 किंवा जास्त आली तर खाद्यपदार्थ नियमात अडकला. पेयासाठी ही मर्यादा 1 आहे.

आता दुधाच्या चॉकलेटची नेहमीची वडी घेऊ. तिच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 2,200 किलोज्यूल ऊर्जा, 18 ग्रॅम संपृक्त फॅट आणि 56 ग्रॅम साखर असते. ऊर्जेचे 6 गुण, संपृक्त फॅटचे 10 आणि साखरेचे 10. म्हणजे 26 झाले आणि मीठ अजून मोजलेलंच नाही. सुटायला हवेत 4 पेक्षा कमी.

प्रथिनांचे गुण वजा करून थोडं कमी होईल असं वाटत असेल, तर तिथेही एक खोच आहे. वाईट गुण 11 किंवा जास्त झाले की प्रथिनांचे गुण मोजलेच जात नाहीत. अपवाद एकच, तो म्हणजे फळं-दाण्यांचे पूर्ण 5 गुण मिळालेले असणं. त्यासाठी पदार्थात 80 टक्क्यांहून जास्त फळं किंवा दाणे लागतात. हा अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण काही कंपन्यांनी नेमकी तीच वाट पकडली.

समजा उद्या एखाद्या कंपनीनं साखर पूर्ण शून्यावर आणली, तरी? कोको बटरमध्येच संपृक्त फॅट भरपूर असतं. त्याचे 10 आणि ऊर्जेचे 6 मिळून 16. तंतूंचे जास्तीत जास्त 5 वजा केले तरी 11 उरतात. वडी छोटी केली तरी उपयोग नाही, कारण हिशोब नगावर नाही, 100 ग्रॅमवर होतो. पाच ग्रॅमचा तुकडा आणि पाऊण किलोचा डबा यांना सारखेच गुण.

जेलीच्या आणि साखरेच्या गोळ्यांत फॅट नसतं, तरी साखरेचे 10 आणि ऊर्जेचे साधारण 4 गुण पडतातच. सुटतात ते साखर नसलेले मिंट आणि च्युइंगम. त्यांची गोडी सॉर्बिटॉलसारख्या द्रव्यांची असते आणि ती साखरेत धरली जात नाहीत. इंग्लंडमधल्या सुपरमार्केटच्या बिलाच्या काउंटरवर आज च्युइंगम दिसतं आणि शेजारचं चॉकलेट दिसत नाही, त्याचं कारण हे गणित आहे.

लोणी आणि मध यांचे गुण काढले तर तेही मर्यादेच्या बरेच वर जातात. पण कायद्यानं 13 प्रकारच्या पदार्थांची यादी दिली आहे आणि त्या यादीत असणं ही पहिली अट आहे. लोणी-मध त्यात नाहीत. चॉकलेट आणि गोळ्या आहेत.

साखर कमी करून बघितली नाही का?

बघितली. 2015 ते 2020 या काळात ब्रिटन सरकारनं उद्योगाला स्वेच्छेनं साखर 20 टक्के कमी करायला सांगितलं होतं. न्याहारीच्या सीरिअलमध्ये ती साधारण 15 टक्के उतरली, दह्याच्या पदार्थांत 13 टक्क्यांच्या पुढे. सगळे प्रकार मिळून घट मात्र 3.5 टक्केच भरली आणि चॉकलेटमध्ये आकडा जेमतेम हलला.

कंपन्यांनी प्रयत्नच केले नाहीत, असंही नाही. नेस्लेनं 2018 मध्ये साखरेच्या कणांची रचना बदलून, ती जिभेवर लवकर विरघळेल अशी पोकळ करून, 'मिल्कीबार वाउसम्स' नावाची वडी काढली. नेहमीपेक्षा 30 टक्के कमी साखर. संशोधन म्हणून खरोखर कौतुकास्पद होतं. मागणी नसल्यामुळे 2020 मध्ये ती बंद झाली. कॅडबरीनं 2019 मध्ये 30 टक्के कमी साखरेची डेअरी मिल्क आणली. वरच्या गणितात तिची परिस्थिती बघा. 56 ची 39 ग्रॅम साखर झाली तर साखरेचे गुण 10 वरून 8 होतात. बेरीज 26 ऐवजी 24. इतकी मेहनत करूनही नियमाच्या दृष्टीनं ती वडी जिथल्या तिथेच.

इथे नियमाचा एक दोष दिसतो. ही पद्धत फक्त पास किंवा नापास सांगते. 26 वरून 24 वर येणाऱ्याला काहीच मिळत नसेल, तर त्यानं खर्च कशाला करावा?

मार्सनं वेगळा मार्ग घेतला. 2022 मध्ये, दुकानातल्या मांडणीचा नियम लागू व्हायच्या थोडं आधी, कंपनीनं 'ट्रिपल ट्रीट' नावाच्या वड्या आणल्या. सुका मेवा आणि दाणे यांचा लगदा आणि त्यावर थोडंसं चॉकलेट. नावं मात्र मार्स, स्निकर्स, गॅलक्सी आणि बाउंटी हीच. हा माल मर्यादेत बसत होता. वरवर पाहता हे नवं उत्पादन आहे, पण त्याचं दुसरं कामही लक्षात घ्यायला हवं. नियमात बसणारी एक वडी हाताशी असली की स्निकर्स हे नाव बिलाच्या काउंटरजवळ पुन्हा लावता येतं. शेजारची खरी स्निकर्स आतल्या रांगेत असली तरी ग्राहकाला तिची आठवण तिथेच होते.

दुकानातली जागा गेली, तो फटका मोठा

चर्चा जाहिरातबंदीची जास्त होते. चॉकलेटच्या धंद्याला जास्त लागलेला घाव बहुधा दुकानातल्या जागेचा आहे.

किराण्याची यादी लिहिताना 'तांदूळ, तेल, साबण' लिहिलं जातं, 'चॉकलेट' क्वचितच. ते दिसलं म्हणून घेतलं जातं. बिल व्हायची वाट बघत रांगेत उभं असताना हाताशी असलेली वडी, सोबत असलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावलेल्या गोळ्या, हे सगळं योगायोगानं होत नाही. त्या जागांसाठी कंपन्या सुपरमार्केटला पैसे मोजत आल्या आहेत.

2022 च्या नियमानं 2,000 चौरस फुटांहून मोठ्या आणि 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या व्यवसायाच्या दुकानांत या जागा बंद केल्या. प्रवेशद्वाराजवळ नको, बिलाच्या काउंटरपासून दोन मीटरच्या आत नको, रांगांच्या टोकाला असलेल्या उभ्या रॅकवर नको. हाच नियम सुपरमार्केटच्या वेबसाइटच्या मुखपृष्ठालाही आणि बिल भरायच्या पानालाही. नियम मोडला तर 2,500 पाउंड दंड, म्हणजे सुमारे तीन लाख रुपये. मोठ्या साखळी दुकानाला ही रक्कम किरकोळ आहे, तरी बहुतेक सुपरमार्केटनी आपली मांडणी बदलली.

बदलाचा परिणाम मोजला गेला आहे. लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी मोठ्या सुपरमार्केटच्या विक्रीचे आकडे तपासले. नियमाआधी विकल्या जाणाऱ्या दर 100 वस्तूंपैकी 20 या यादीतल्या असत, नंतर त्या 19 झाल्या. एकानं काय होतं, असं वाटेल. पण संपूर्ण इंग्लंडचा हिशोब केला तर ही घट दिवसाला सुमारे 20 लाख नगांची होते. यात केक, चिप्ससह यादीतलं सगळं आलं.

नियमात फटीही आहेत. रांगेच्या मधोमध मोकळा ढीग लावायला बंदी नाही. टोकाच्या रॅकवर यादीत नसलेलं काहीही लावता येतं, दारूसुद्धा. फक्त चॉकलेट किंवा मिठाई विकणाऱ्या दुकानांना सूट आहे. पॅक न केलेला सुटा माल या नियमात येतच नाही, त्यामुळे वेम्बली किंवा लेस्टरच्या मिठाईवाल्याचे पेढे-बर्फी काचेच्या कपाटात पूर्वीसारखेच आहेत, दाराशी असले तरी.

योजनांवरच्या बंदीचा परिणाम तुलनेनं सरळ आहे. 'एकावर एक मोफत' किंवा 'तीन घ्या, दोनाचे पैसे द्या' असं चॉकलेटवर लिहिता येत नाही. पण 'निम्म्या किमतीत' असं लिहिता येतं. कारण असं की पहिल्या प्रकारात ग्राहक ठरवलं होतं त्याहून जास्त माल घरी नेतो आणि घरात असलेलं चॉकलेट खाल्लं जातंच. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. डिसेंबर 2024 मध्ये कोकोचा भाव टनाला 12,000 डॉलरच्या वर गेला होता. अनेक कंपन्यांनी किमती वाढवल्या, वड्या लहान केल्या. या काळात चॉकलेटची विक्री कुठे घटली असेल, तर ती नियमामुळे की भावामुळे हे वेगळं काढणं अवघड आहे.

गोरिला, जांभळा रंग आणि ब्रँडची सूट

आता राहिलेला प्रश्न. जाहिरातबंदीची कसोटी अशी आहे की, ब्रिटनमधल्या सामान्य माणसाला ही जाहिरात अमुक एका कमी आरोग्यदायी पदार्थाची आहे, हे ओळखता येईल का? येत असेल तर बंदी. पण कंपन्यांनी विचारलं की नुसतं आमचं नाव दाखवलं तर? कॅडबरी म्हटलं की लोकांना चॉकलेटच आठवतं, मग आम्ही नावही घ्यायचं नाही का? यावर स्पष्टता यावी म्हणून सरकारनं सप्टेंबर 2025 मध्ये वेगळे नियम करून ब्रँडच्या जाहिरातीला सूट दिली. ठराविक पदार्थ दिसला नाही, तर ब्रँडची जाहिरात चालेल.

ही सूट किती मोठी आहे, हे समजायला 2007 ची एक जाहिरात पुरेशी आहे. साल्मोनेला जिवाणूच्या भीतीनं आदल्या वर्षी कॅडबरीला दहा लाखांहून जास्त वड्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या होत्या. नाव डागाळलं होतं. अशा वेळी कंपनीनं दीड मिनिटाची जाहिरात काढली, ज्यात एक गोरिला फिल कॉलिन्सच्या गाण्यावर ड्रम वाजवतो. बाकी काहीच नाही. कोणी चॉकलेट खात नाही, कोणी त्याची चव सांगत नाही. अगदी शेवटी जांभळ्या पार्श्वभूमीवर वडी येते. ती जाहिरात प्रचंड गाजली. आजचा नियम लावला तर तिच्यातले शेवटचे काही क्षण बदलावे लागतील. गोरिला तसाच राहील.

म्हणजे ज्या ब्रँडनं शंभर वर्षं जाहिराती करून लोकांच्या डोक्यात घर केलं आहे, त्याला वडी दाखवायची गरजच नाही. कॅडबरीचं दुकान 1824 मध्ये बर्मिंगहॅमला सुरू झालं, डेअरी मिल्क 1905 ची. जांभळ्या रंगाच्या हक्कासाठी कॅडबरी आणि नेस्ले वर्षानुवर्षं कोर्टात भांडत होते, ते उगीच नाही. वडी झाकली तरी रंग ओळखू येतो आणि रंग दाखवायला बंदी नाही.

उलट, उद्या एखादी मोठी कंपनी पूर्णपणे नवं चॉकलेट बाजारात आणायचं म्हणाली तर? नाव कोणाला माहीत नाही, रंग ओळखीचा नाही आणि वस्तू दाखवायची नाही. अशी जाहिरात करून काय मिळणार? जाहिरातबंदी जुन्या, नावाजलेल्या ब्रँडच्या भोवती एक कुंपणच घालते, कारण नव्याला आत यायला वाट राहत नाही. तंबाखूच्या जाहिराती बंद झाल्यावरही बाजारातली मोठी नावं मोठीच राहिली होती.

यावर सरकारचं उत्तर असं की 250 पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या व्यवसायांना जाहिरातबंदीतून सूट आहे. गल्लीतला चॉकलेट बनवणारा ऑनलाइन जाहिरात देऊ शकतो. हे खरं आहे आणि चांगलंही आहे. अडचण मधल्यांची आहे. 250 चा आकडा ओलांडला की त्या कंपनीला मार्स आणि माँडेलीझचे नियम लागतात, पण त्यांच्यासारखं नाव तिच्याकडे नसतं.

कंपनीचं आणि वडीचं नाव एकच असेल, किंवा एकाच नावाखाली साधी वडी, बिस्किट, आइस्क्रीम असं सगळं विकलं जात असेल, तर ब्रँड कुठे संपतो आणि पदार्थ कुठे सुरू होतो, हे ठरवणं वकिलांचं काम होऊन बसतं. तक्रारी आधी ब्रिटनच्या जाहिरात मानक संस्थेकडे जातात, तिच्या मागे ऑफकॉम ही नियामक संस्था उभी आहे.

आरोग्यासाठी काम करणाऱ्या संघटनांनी ब्रँडच्या सुटीवर टीका केली आहे आणि त्यांचं म्हणणं सहज खोडून काढण्यासारखं नाही. सरकारचा अंदाज होता की या बंदीमुळे मुलांच्या आहारातून वर्षाला 7.2 अब्ज कॅलरी कमी होतील आणि लठ्ठ मुलांची संख्या सुमारे 20,000 नं घटेल. ब्रँडची सूट मोकळेपणानं वापरली गेली, तर त्या अंदाजातलं किती प्रत्यक्षात येईल, हा प्रश्न उरतोच.

रस्त्यावरची होर्डिंग, वर्तमानपत्रं, रेडिओ आणि पॉडकास्ट हे या नव्या बंदीच्या बाहेर आहेत. त्यामुळे जाहिरातीचा पैसा तिकडे वळणं साहजिक आहे. काही शहरांनी ती वाटही आपापल्या पातळीवर अडवली. लंडनच्या मेट्रो आणि बसवर फेब्रुवारी 2019 पासून अशा जाहिरातींना बंदी आहे. सुरुवातीला त्यातून गमतीही झाल्या. घरपोच किराणा देणाऱ्या एका कंपनीला आपल्या जाहिरातीतले लोणी आणि बेकन कापून फोटो द्यावा लागला होता. पण त्या बंदीचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की, बंदी नसती तर जेवढी झाली असती त्याच्या तुलनेत प्रत्येक घराची या पदार्थांची खरेदी आठवड्याला सुमारे 1,000 कॅलरींनी कमी होती. चॉकलेट आणि गोळ्यांमध्ये ही घट सर्वांत ठळक, जवळपास 20 टक्के होती. लंडनच्या त्या बंदीत कंपनीचं नुसतं नाव दाखवायचं असलं तरी सोबत आरोग्यदायी पदार्थ दाखवावा लागतो, हा फरक इथे महत्त्वाचा आहे.

रील टाकली तर चालते का?

सोशल मीडियावर नियमाची रेषा पैशावर आखली आहे. कंपनी आपल्या इन्स्टाग्राम पानावर वडीचा फोटो टाकू शकते. तोच फोटो पैसे देऊन जास्त लोकांपर्यंत पोहोचवला की ती जाहिरात झाली आणि बंद. इन्फ्लुएन्सरला पैसे किंवा दुसरा कोणता मोबदला देऊन रील करून घेतली, तरी बंद. एखाद्यानं स्वतःच्या पैशानं चॉकलेट घेऊन, कोणी न सांगता त्याचा व्हिडिओ केला तर त्याला कायदा हात लावत नाही. म्हणून लोकांनी आपणहून शेअर करावं असं काहीतरी करणं, मर्यादित आवृत्तीची वडी किंवा विचित्र चवीचा प्रयोग, याला कंपन्यांच्या लेखी आता जास्त किंमत आहे.

चिलीनं ब्रँडलाच हात घातला

ब्रिटनपेक्षा कडक नमुना दक्षिण अमेरिकेतल्या चिलीचा आहे. जून 2016 पासून तिथे साखर, संपृक्त फॅट, मीठ किंवा कॅलरी जास्त असलेल्या पाकिटावर काळा अष्टकोनी शिक्का छापावा लागतो. ज्या पाकिटावर शिक्का, त्यावर मुलांना आवडणारं कार्टून नको आणि आत खेळणं नको. याचा परिणाम असा झाला की खेळणं हीच ओळख असलेलं किंडर सरप्राइज चिलीत विकता येईना. फेररो कंपनीनं विरोध केला, पण सरकार मागे हटलं नाही. ब्रिटननं पाकिटाला हात लावलेला नाही, म्हणून तिथल्या ब्रँडचं रूप शाबूत आहे.

भारतात काय?

भारतात चॉकलेटच्या बाजारात सर्वांत मोठं नाव कॅडबरीचंच आहे. कंपनी 1948 पासून इथे आहे, आज तिचं नाव माँडेलीझ इंडिया आणि मुख्यालय मुंबईत. म्हणजे लंडनमध्ये ज्या कंपनीला वडी झाकावी लागते, तीच कंपनी इथे क्रिकेटच्या मॅचमध्ये, दिवाळीत, राखीपौर्णिमेला वडीसकट दिसते.

इथे नियम अजिबात नाहीत असं नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमानुसार शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत असे पदार्थ विकायला आणि त्यांची जाहिरात करायला मनाई आहे. शाळेबाहेरची कोणतीही टपरी बघितली की अंमलबजावणी कळते. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मुलांच्या कार्यक्रमांत आणि मुलांच्या वाहिन्यांवर चिप्स, शीतपेयं आणि तत्सम 'जंक फूड'ची जाहिरात थांबवली. ब्रिटननं 2007 मध्ये घेतलेला टप्पा तो हाच. पण त्यात गुणांचं गणित नाही, त्यामुळे 'जंक' कशाला म्हणायचं यावर वाद घालायला भरपूर जागा आहे.

दोन्ही देशांच्या दिशेतला फरक 2025 च्या शरदात अगदी स्पष्ट दिसला. इंग्लंडमध्ये 1 ऑक्टोबरला चॉकलेटवरच्या 'एकावर एक मोफत' योजना बंद झाल्या. त्याच्या नऊ दिवस आधी, 22 सप्टेंबरला, भारतात चॉकलेटवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला होता. गोड कार्बोनेटेड पेयांना मात्र त्याच फेररचनेत 40 टक्के कर लागला.

शिवाय ब्रिटनचा मांडणीचा नियम जसाच्या तसा इथे आणला तरी त्याचा परिणाम जवळपास शून्य होईल. 2,000 चौरस फुटांची मर्यादा लावली तर कोपऱ्यावरचं किराणा दुकान त्यात येतच नाही आणि इथे एक-दोन रुपयांच्या गोळ्यांची बरणी नेमकी त्याच दुकानाच्या काउंटरवर असते. सुट्टे नाहीत म्हणून दुकानदार जी गोळी हातावर ठेवतो, ती तर जाहिरात आणि विक्री दोन्ही एकदम आहे.

म्हणून भारतात ब्रँडसाठी जास्त महत्त्वाचा ठरू शकेल तो पाकिटाच्या पुढच्या बाजूला काय छापायचं याचा वाद. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं सप्टेंबर 2022 मध्ये अर्ध्या ते पाच ताऱ्यांच्या मानांकनाचा मसुदा काढला होता. आरोग्य संघटनांना तारे नको आहेत, चिलीसारखा इशारा हवा आहे. तारा कमी असला तरी तो तारा म्हणजे बक्षीसच वाटतं, असं त्यांचं म्हणणं. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं आणि नंतर मुदत वाढवून द्यावी लागली. इशाऱ्याचा शिक्का पाच रुपयांच्या वडीवरही छापावा लागेल आणि ती वडी कितीही लहान दुकानात विकली गेली तरी तो तिच्यासोबत जाईल.